शेजारून ओढलेली वायर

हातकणंगल्यावर मी लिहिलेलं एक पान आहे आणि त्या पानावर दिसणाऱ्या निम्म्या गोष्टी त्या पानावर नाहीतच. नकाशा दिसतो, तो दुसरीकडून येतो. पट्टणकोडोलीच्या यात्रेतला भंडारा उधळला जातो, तो तिसरीकडून. कोपऱ्यात हवामानाचा चौकोन आहे, त्यातले आकडे समुद्र ओलांडून येतात. वाचणाऱ्याने फोनवर बोट टेकवलं की हे सगळं त्या क्षणी त्याच्या तळहातावर गोळा होतं, शेजारीशेजारी बसतं, आणि त्याला वाटतं, एका माणसानं एका जागी बसून ही मांडामांड केली आहे. मांडामांड मी केली हे खरं. ठेवलं मात्र काहीच नाही. मी नुसते पत्ते लिहिले.

हा नाद लागला तो लेखनाच्या आळसातून. आमच्या स्टेशनवर लिहीत होतो. १८९१ साली सुरू झालेल्या मिरज–कोल्हापूर मार्गावरचं हे साधं स्टेशन. संध्याकाळच्या गाडीतून उतरणारी माणसं, त्यांच्या हातातल्या पिशव्या, गाडी निघून गेल्यावर फलाटावर उरणारा तो मोकळेपणा, काही केल्या वाक्यात येईना. मग म्हटलं, आणायचा कशाला? फोन समोर धरला, अर्धा मिनिट चित्रीकरण केलं, एका व्हिडिओच्या ठिकाणी चढवलं आणि तिथून मिळालेली इंग्रजी ओळ माझ्या परिच्छेदाच्या मधोमध डकवली. पान उघडलं तर माझ्या दोन वाक्यांच्या मधून गाडी येत होती. वर अक्षरं जागच्या जागी, खाली अक्षरं जागच्या जागी, आणि मध्ये डबे हलतायत. इतकी वर्षं लिहून असा आनंद झाला नव्हता, तो एका डकवलेल्या ओळीनं दिला. थोडा राग आला खरं तर.

गोष्ट तशी जुनी आहे. फेब्रुवारी १९९३ मध्ये मार्क अँड्रीसन या तरुणानं, अक्षरांच्या पानात चित्र बसवायची एक खूण असावी, असा प्रस्ताव मांडला. १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररमध्ये आयफ्रेम आली, म्हणजे एका पानाच्या अंगात दुसरं अख्खं पान बसवायची चौकट. २००५ मध्ये यूट्यूब आलं आणि जगातला कुठलाही हलता तुकडा उचलून आपल्या लिखाणात लावणं पोरखेळ झालं. पण या सगळ्याच्या कितीतरी आधी, १९६० पासून, टेड नेल्सन हा अमेरिकन माणूस याहून मोठं काही मनात घोळवत होता. त्याच्या झॅनाडू प्रकल्पात उतारा हा मूळ लेखाशी कायमचा जोडलेला राहणार होता. वाचता वाचता मूळ जागी जाता यावं, आणि ज्याचा उतारा घेतला त्याला त्याचे चार पैसे मिळावेत. आपल्या वाट्याला आलं ते त्या कल्पनेचं अर्धुक. पत्ता जोडता आला. त्या पत्त्यावर कुणी राहील याची हमी कुणी दिली नाही.

आमच्याकडं नवं घर बांधताना मीटर यायच्या आधी शेजारून वायर ओढून दिवा लावतात. उजेड आपल्या अंगणात पडतो, गिलावा त्या उजेडात होतो, गवंडी त्या उजेडात चहा पितो. बटण मात्र शेजारच्या भिंतीवर असतं. या चौकटींचं अगदी तसं आहे, आणि हे कळायला फार वेळ लागत नाही.

सुरुवात नकाशानं केली. नकाशाची चौकट लावली की गाव एकदम सगळ्यांचं होतं. अमेरिकेतला भाचा दोन बोटांनी ताणून आळत्याच्या डोंगरावर रामलिंगाला जातो, तिथून खाली कुंभोजला, बाहुबलीच्या टेकडीवर. मी लिहिलेलं तो वाचतो की नाही देव जाणे, पण नकाशात तासभर हिंडतो. मी ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा घेतला, कारण त्यात आपल्याला भर घालता येते. २००४ पासून जगभरची माणसं तो फुकट, हौसेनं काढतायत. एक बोळ, एक आड, एक पार मी त्यात घातला. आता कुणाच्याही पानावर हातकणंगल्याचा तो नकाशा उघडला तर तो आड दिसेल. पण फोनवर या नकाशाची एक खोड आहे. वाचणारा खाली सरकायला बोट फिरवतो आणि बोट नेमकं नकाशावर पडतं. पान जागचं हलत नाही, गाव तेवढं सरकतं. बिचारा वाचक सांगलीपर्यंत जातो तरी पुढचा परिच्छेद येत नाही. शेवटी तिथं नकाशाचं साधं चित्र ठेवलं. हिंडायचं असेल त्यानं चित्रावर बोट टेकवावं, मग खरा नकाशा उघडेल.

हवामानाचा चौकोन दिसायला देखणा, पण त्याला वळीव कळत नाही. वैशाखात दुपारी तीनला आभाळ काळं होतं, वारा सुटतो, पत्रे वाजायला लागतात, गारांचा मारा होतो, आणि चौकोनात पिवळाधमक सूर्य. गणित मोठ्या मुलखाचं असतं आणि वळीव एका शिवारापुरता येतो. रुकडीत पडतो, आमच्याकडं नुसती धूळ. तो चौकोन मी अजून काढलेला नाही. त्याच्याकडं बघून हसू येतं म्हणून ठेवलाय.

खरी ओढ होती ती पाण्याच्या आकड्याची. जुलै लागला की आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात माणसं उठल्या उठल्या पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतात. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोक्याची. हे दोन आकडे शाळकरी पोरालाही पाठ. त्याच्या जोडीला राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे. कितवा उघडला, कधी उघडला, ही बातमी चहाच्या टपरीवर दूध येण्याआधी पोचते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा पंचावन्न फुटांच्या पुढं गेली. २०२१ च्या जुलैत पुन्हा तीच गत. हातकणंगले गाव नदीवर नाही, पण तालुका दोन नद्यांच्या मध्ये आहे. एका अंगाला पंचगंगा, तिच्याकडेला रुई, इंगळी, चंदूर. दुसऱ्या अंगाला वारणा, तिच्याकडेला खोची, निलेवाडी. पाणी वाढलं की तालुक्याचे दोन्ही काठ एकदमच जागे राहतात.

मला असा चौकोन हवा होता की जो आपणहून तो आकडा दाखवेल. आमच्याकडं आकडा येतो तो व्हॉट्सअॅपवरच्या चित्रातून, कुणीतरी पुढं ढकललेल्या ओळीतून. तेव्हा चौकोन मीच काढला, निळा, आतला आकडा ठळक, आणि रोज हातानं भरायला लागलो. इथं एक गोष्ट उमगली. आपोआप बदलणाऱ्या आकड्यावर माणूस विश्वास ठेवतो आणि हातानं लिहिलेल्याकडं दोनदा बघतो; पण पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. सकाळी आठला लिहिलेला आकडा रात्री अकरालाही तितकाच ठळक दिसतो. तोवर पाणी दोन फूट चढलेलं असतं आणि नदीकाठचा कुणी म्हशी सोडायच्या की नाही ते त्यावरून ठरवत असतो. म्हणून आकड्यापेक्षा मोठ्या अक्षरात वेळ लिहिली. पुढं तर चौकोन बघणारा आधी वेळ बघू लागला आणि मग आकडा. पुण्याला असलेल्या आमच्याकडच्या पोरांचे फोन मात्र थांबले नाहीत. समोर आकडा दिसत असतानाच विचारायची, "आण्णा, वाढलंय का?" त्यांना आकडा नको होता, आण्णाचा आवाज हवा होता. त्याला चौकट नाही.

भेट देणाऱ्यांची मोजणी करणारं यंत्र लावलं होतं, तेही सांगून टाकतो. खाली देशांचे छोटे झेंडे उमटायचे. पहाटे तीनला कुठल्याशा परक्या देशातून माणसं हातकणंगल्याबद्दल वाचतायत, या कल्पनेनं मी काही दिवस हवेत होतो. ती माणसं नव्हती. शोधयंत्रांनी सोडलेले प्रोग्रॅम जगातलं प्रत्येक पान चाळत हिंडतात, ते होते. झेंडे काढले.

पान उघडताच स्टेशनवरची घोषणा आपोआप वाजावी अशीही हौस होती. २०१८ पासून क्रोमनं अशा न विचारता वाजणाऱ्या आवाजाला बंदी घातली, आणि बरंच झालं. वाचायला आलेल्या माणसाच्या कानात ओरडणं हे कुठल्याही गावच्या पाहुणचारात बसत नाही.

मग यात्रा. पट्टणकोडोलीची विठ्ठल-बिरदेवाची यात्रा म्हणजे पिवळ्या रंगाचा पाऊस. फरांडे बाबांची भाकणूक, म्हणजे भविष्यवाणी, ऐकायला महाराष्ट्रातनं आणि कर्नाटकातनं माणूस लोटतो, ढोल-कैताळाचा नाद छातीत घुमतो, आणि भंडारा इतका उडतो की समोरचा माणूस दिसेनासा होतो. कुणा अनोळखी पोरानं छपरावर चढून काढलेला व्हिडिओ मला सापडला. तो घेतला आणि त्याच्या आधी एकच वाक्य लिहिलं. एका सकाळी तिथं राखाडी चौकोन होता. त्या पोरानं तो काढून घेतला असेल, नाहीतर मागं कुठलंसं सिनेमाचं गाणं वाजत होतं म्हणून कुणी हरकत घेतली असेल. कारण कळवायची पद्धत नाही. माझं वाक्य तिथंच होतं. ज्या वाक्यानं नुसतं बोट दाखवलं होतं ते आता भिंतीकडं बोट दाखवत उभं होतं.

अशा भिंती जगात किती झाल्या आहेत याचा एक हिशेब आहे. अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्रानं २०२४ मध्ये सांगितलं की २०१३ साली जी पानं जाळ्यावर होती त्यांतली ३८ टक्के दहा वर्षांनी उघडत नव्हती. ही झाली नाहीशी झालेली. जी राहिली पण आतून बदलली त्यांची गोष्ट आणखी चमत्कारिक. व्हिडिओंची एक जुनी सेवा होती, विड.मी नावाची. ती बंद पडली, तिचा पत्ता मोकळा झाला, आणि तो अश्लील चित्रफिती विकणाऱ्या कंपनीनं घेतला. २०२१ च्या जुलैत वॉशिंग्टन पोस्टसारख्या वृत्तपत्रांच्या जुन्या, सभ्य बातम्यांच्या मधोमध त्या चित्रफिती उगवल्या. बातमीतला शब्दही बदलला नव्हता. ज्या दाराशी जोडून ठेवलं होतं त्या दारामागं नवा बिऱ्हाडकरू आला होता, एवढंच. आणि फ्लॅश नावाची जी चीज एकेकाळी सगळ्या हलत्या चित्रांना चालवायची, तिला बनवणाऱ्यांनीच ३१ डिसेंबर २०२० रोजी आधार काढून घेतला. तिच्यात केलेले खेळ, गाणी, शुभेच्छापत्रं एका तारखेला काळी पडली.

चौकटीतून नुसतं आत येत नाही, बाहेरही जातं. माझं पान उघडणाऱ्यानं तो व्हिडिओ चालू केला नाही तरी व्हिडिओवाल्याला कळतं की अमुक फोनवरून तमुक वेळी हे पान उघडलं गेलं. कायद्यालाही हे कोडं सुटायला वेळ लागला. अमेरिकेतल्या एका अपील न्यायालयानं २००७ मध्ये म्हटलं होतं की चित्र दुसऱ्याच्या यंत्रावर असेल आणि तुम्ही नुसती चौकट लावली असेल, तर तुम्ही प्रत केली असं होत नाही. वस्तू तुमच्या घरात नाही. २९ जुलै २०१९ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयानं दुसऱ्या बाजूनं बघितलं. पसंतीचं बटण आपल्या पानावर लावणारा दुकानदार, वाचणाऱ्याची माहिती गोळा होण्याला त्या बटणवाल्याच्या जोडीनं जबाबदार आहे. वस्तू घरात नसेल, दार तर तुम्ही उघडलंत. मला दुसरा निकाल जास्त पटतो. तेव्हापासून माझ्या पानावर आधी साधं चित्र दिसतं. वाचणाऱ्यानं बोट टेकवलं तरच चौकट जागी होते. यात त्याचा डेटाही वाचतो. दिवसाला ठरलेला डेटा मिळणाऱ्या माणसाला न मागता जड चौकट वाढणं बरं नाही.

दुसऱ्याचं आपल्यात घेण्याची आपली रीत निराळी होती. कीर्तनकार निरूपणाच्या मध्ये अभंग घेतो, टाळकरी उचलतात, मृदंग चढतो, आणि अभंग संपला की तो पुन्हा आपल्या वाक्यावर येतो. अभंग त्याच्या आत असतो. देहूला काही झालं म्हणून त्याच्या तोंडातला अभंग विझत नाही. पण आत घेण्यातही धोका असतोच. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. उतरवून घेणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तिच्यात आपलं मिसळलं, शब्द बदलले, ओव्या घुसवल्या. शेवटी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांना बसून ती शुद्ध करावी लागली. हाताने उतरवलं की भेसळ होते. नुसती वायर ओढली तर भेसळ होत नाही, पण अंधार होऊ शकतो. यांतलं कोणतं पत्करायचं, हे मी पूर्वी चटकन सांगितलं असतं.

आमच्या स्टेशनवर उभं राहिलं की एका दिशेला मिरज आणि दुसऱ्या दिशेला कोल्हापूर. हे मी हजारदा बघितलंय, पण ध्वनिफिती डकवायला लागलो तेव्हा या मार्गाचं एक वेगळंच रूप दिसलं. मिरजेत अब्दुल करीम खाँ राहिले. त्यांचा आवाज तबकड्यांवर आहे, विसाव्या शतकाच्या आरंभीच्या आणि पुढं १९३० नंतरच्या. १९३७ साली ते गेले, पण आज मिरजेवर लिहिताना मी त्यांचा आवाज परिच्छेदाच्या मधोमध ठेवू शकतो. खरखरीतून तो आवाज येतो आणि आजूबाजूची माझी वाक्यं लाजून बारीक होतात. कोल्हापुरात अल्लादिया खाँ राहिले, शाहू महाराजांच्या पदरी. जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी त्यांनी ज्या शिष्यांना दिली त्यांची नावं घेतली तरी कान टवकारतात. १९४६ साली ते गेले. त्यांची एकही ध्वनिमुद्रिका नाही. कोल्हापूरवर लिहिताना त्या जागी डकवायला माझ्याकडं काही नाही. चौकट मोकळी. तिथं लिहावंच लागतं.

आणि नवल असं की ज्यांचा आवाज नाही त्यांच्याबद्दल जितकं आणि जसं लिहिलं गेलंय, तितकं ज्यांचा आवाज आहे त्यांच्याबद्दल नाही, निदान मला तसं वाटतं. तान कशी वळायची, लय कशी आतून चालायची, सम कुठून आणि कशी यायची, हे ऐकलेल्यांनी सांगितलं, त्यांच्याकडून ऐकलेल्यांनी लिहिलं. माझ्या यात्रेच्या व्हिडिओआधीच्या त्या एका वाक्याकडं मी पुन्हा बघितलं ते यानंतर. मग व्हिडिओ नसल्यासारखं लिहून काढलं. भंडारा डोळ्यांत गेल्यावर चुरचुरतो, घामावर बसला की चिकट होतो, शर्टाची कॉलर धुतली तरी आठवडाभर पिवळी राहते. ढोल आधी पायाला कळतो, कानाला नंतर. दुसरा व्हिडिओ पुढं मिळाला आणि लावलाही, पण आता तो गेला तरी माझं वाक्य भिंतीकडं बघत उभं राहायचं नाही.

अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज उरला नाही, पण त्यांच्या गाण्याची एक धार पृथ्वीबाहेर गेलेली आहे. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर, मूळच्या गोव्यातल्या केरीच्या. त्यांची भैरवी, 'जात कहाँ हो', १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीवर घातली गेली. ५ सप्टेंबरला व्हॉयेजर १ उडालं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. मला या तबकडीत गाण्याइतकीच तिच्यासोबतची तजवीज आवडते. ती बनवणाऱ्यांना ठाऊक होतं की जिथं ती पोचेल तिथं ग्रामोफोन नसणार. म्हणून तिच्यासोबत सुई दिली, सुई धरणारा भाग दिला, आणि झाकणावर चित्रांनी कोरलं की सुई कुठं टेकवायची आणि तबकडी कुठल्या वेगानं फिरवायची. तबकडी किती जुनी हे ओळखता यावं म्हणून झाकणाला युरेनियमचा पातळ लेपही दिला. पत्ता नाही, चौकट नाही, कुणाच्या भिंतीवरचं बटण नाही. गाणं वाजवायच्या सामानासकट निघालं. २०१२ साली व्हॉयेजर १ सूर्याच्या वाऱ्याचा टापू ओलांडून पलीकडं गेलं.

इतकी तजवीज आपल्या आवाक्यातली नसते. पण तिच्या दिशेनं जाणारं काम मराठीत झालेलं आहे, तेही जात्यापाशी. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्याहून हजारावर गावांतून बायकांच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त. आधी कागदावर, शब्द न् शब्द. पुढं बर्नार्ड बेल हे संगीत आणि संगणक दोन्ही जाणणारे अभ्यासक आले आणि १९९६ पासून त्यांतल्या हजारो ओव्या ध्वनिफितींवर आल्या. २०१७ पासून पी. साईनाथ यांनी उभारलेल्या 'पारी'वर हे धन एकेक करून उलगडत गेलं. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसची ओवी मी माझ्या खोलीत बसून तिथंच पहिल्यांदा ऐकली. तिथली मांडणी बघण्यासारखी आहे. आवाज आहे, बऱ्याचदा चित्रफीत आहे, आणि खाली ओवी अक्षरात लिहिलेली आहे. गाणारीचं नाव आहे, गाव, तालुका, जिल्हा आहे, ध्वनिमुद्रण कुठल्या तारखेला झालं तेही. चौकट काळी पडली तरी ओवी उरते, बाई उरते, गाव उरतं. ज्या बायकांची नावं सातबाऱ्यावरही क्वचित लागायची त्यांची नावं गाण्याखाली लागलेली बघून माझी माझ्या पानाकडं बघायची नजर बदलली. स्टेशनवरच्या घोषणेपेक्षा घरात जास्त मोलाचं काही वाजत होतं.

आमच्या आत्तीला ओव्या येतात. पण पाटावर बसवून, फोन समोर ठेवून, "आत्ती, म्हणा की," असं म्हटलं की तिला एकही ओवी आठवत नाही. "जातं फिरल्याबिगर ओवी येत न्हाई बग," ती म्हणाली. जातं परड्यात पडलं होतं, वरच्या तळीत पावसाचं पाणी साठलेलं. ते धुतलं, वाळवलं, नवा खुंटा ठोकला, मूठभर जोंधळे घातले. हात फिरायला लागला आणि ओवी आपणहून आली, पहिल्या फेऱ्याला नाही, तिसऱ्या-चौथ्याला. फोनमध्ये मात्र आधी नुसती घरघरच आली, आवाज तिच्याखाली गाडलेला. फोन जमिनीवर ठेवला की दगडाचा हादरा सरळ त्यात जातो. टॉवेलाची घडी करून त्यावर, जरा दूर, आत्तीच्या खांद्याच्या उंचीला डब्यावर ठेवला, तेव्हा घरघर मागं गेली आणि गळा पुढं आला. घरघर पूर्ण काढणारा प्रोग्रॅमही मिळतो. लावून बघितला. ओवी हवेत लटकल्यासारखी झाली, तिला पायच उरला नाही. ती परत घातली.

"आनि हे कुटं ऱ्हानार?" आत्तीनं विचारलं.

म्हटलं, "आपल्याकडंच. दुसऱ्याच्या ठिकाणी चढवत नाही. एक प्रत संगणकात, एक पेन ड्राइव्हवर, आणि पानावर ऐकू येईल ती आपल्याच जागेतनं."

"त्याला पैसं पडत्यात?"

"थोडे. जागेचं वर्षाचं भाडं."

"मग बारकं म्हनते," ती म्हणाली.

पण बारकं काही म्हटलं नाही. माहेर आलं, माहेरची वाट आली, विहीर आली, आणि मग भाऊ यायला लागले, एकेका ओवीत एकेक. वडिलांचं नाव आलं तेव्हा मी फोनकडं बघत राहिलो, आकडे पुढं सरकतायत ना एवढंच. ते झालं की मी सगळं कागदावर उतरवून घेतलं. एक शब्द मला वेगळा ऐकू आला होता, तो तिनं दुरुस्त केला आणि वर माझ्या शिक्षणाबद्दल दोन शब्द बोलली. ओव्या अक्षरात लिहिल्या, खाली तिचं नाव, गाव, तालुका, तारीख. त्याच्या वर छोटा त्रिकोण, ज्यावर बोट टेकवलं की जातं फिरतं. नातीनं तो तिला ऐकवला. आत्तीनं फोन कानाला लावून, डोळे मिटून, पार शेवटपर्यंत ऐकला आणि म्हणाली, "पुसून टाक ते."

"का हो?"

"धाकट्याचं नाव ऱ्हायलं की त्यात. त्याला कळलं तर दारात उबं करून घ्यायचा न्हाई मला. मांड जातं, परत म्हनते."

फाईल आपल्याच जागेत असण्याचा हा एक फायदा. तिथली तिथं बदलता येते. जातं पुन्हा मांडलं. दुसऱ्या खेपेला धाकटे काका सगळ्यात आधी आले आणि दोन ओव्या घेऊन बसले. मी जुनी काढली, नवी ठेवली, अक्षरंही बदलली. पण तोवर नातीनं पहिली तिच्या मैत्रिणींना पाठवली होती, मैत्रिणीच्या आईनं इचलकरंजीला, तिथून ती पुण्याला गेली, आणि पुण्याहून फिरून आमच्याच घराण्याच्या व्हॉट्सअॅप गटात आली. रात्री साडेनऊला धाकट्या काकांचा फोन.

"आत्तीला दे जरा," ते म्हणाले. "माझं नाव न्हाई म्हनं त्यात."